पेशीचे दार आणि गावाची वेस

मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या आवारात ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते एका औषधाचे लोकार्पण झाले. 'नेक्सकार-१९' असे त्याचे नाव. औषध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गोळी, बाटली किंवा सुई येते. हे औषध त्या जातीचे नव्हे. रुग्णाच्याच रक्तातील पेशी काढून घ्यावयाच्या, प्रयोगशाळेत त्यांच्या अंतरंगात एक नवे जनुक पोचवावयाचे आणि अशा रीतीने बदललेल्या पेशी पुन्हा त्याच रुग्णाच्या शरीरात सोडावयाच्या, असा हा उपचार आहे. रक्ताच्या काही कर्करोगांवर इतर उपाय हरल्यानंतर तो योजला जातो. भारतीय संशोधकांनी सार्वजनिक पैशाच्या आधारावर देशातच सिद्ध केलेला या प्रकारचा हा पहिला उपचार होय. त्याचे कौतुक झाले ते योग्यच झाले.

मुंबई-कोलकाता महामार्गावर मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान वसलेल्या वडनेर भोलजीसारख्या गावात अशी बातमी वाचणाऱ्याच्या मनात मात्र पहिला विचार येतो तो असा, की हे मोठ्या शहरातले मोठे शास्त्र, आपला त्याच्याशी संबंध काय? हा विचार स्वाभाविक असला तरी बरोबर नाही. पेशीच्या आत परका रेणू नेऊन तिचा स्वभाव बदलण्याचे शास्त्र बुलढाणा जिल्ह्याला नवे नाही. ते रुग्णालयाच्या वाटेने आले नाही. शेताच्या बांधावरून, पऱ्हाटीच्या रूपाने, २००२ नंतरच्या काही वर्षांत ते येथे आले आणि घरोघर पोचले. त्या वेळी जे घडले त्याचा हिशेब नीट मांडला, तर आज जे येऊ घातले आहे त्याच्याबाबत काय मागावे आणि कशापासून सावध राहावे हे आपल्याला समजू शकेल.

दार आणि वाहन

सजीवाची प्रत्येक पेशी स्निग्ध पदार्थाच्या एका अतिशय पातळ पडद्याने वेढलेली असते. पाणी, प्राणवायू यांसारख्या लहान रेणूंना या पडद्यातून वाट मिळते. जनुक ज्यापासून बनलेले असते तो डीएनए हा प्रचंड लांबीचा आणि विद्युतभार असलेला रेणू मात्र बाहेरच अडतो. हे पेशीच्या हिताचेच आहे. वाटेल तो रेणू आत शिरू लागला तर जीवसृष्टी एक दिवसही टिकणार नाही. म्हणूनच पेशीत काय न्यावे याइतकाच ते कसे न्यावे हा प्रश्न शास्त्रज्ञांना दीर्घकाळ छळत आला.

या प्रश्नाचे उत्तर त्यांनी निसर्गातल्या घरफोड्यांकडून शिकून घेतले. विषाणू हा असा पहिला घरफोड्या. त्याचे रोगकारक गुण काढून टाकले आणि त्यांच्या जागी हवे ते जनुक ठेवले, तर तोच विषाणू निमूट ओझे वाहणारा हमाल बनतो. दुसरा घरफोड्या म्हणजे वनस्पतींच्या खोडावर गाठी आणणारा, मातीत राहणारा एक जिवाणू. तो स्वतःच्या डीएनएचा तुकडा वनस्पतीच्या पेशीत घुसवतो. १९८३ साली बेल्जियम आणि अमेरिका येथील विद्यापीठांत व उद्योगांच्या प्रयोगशाळांत या जिवाणूला कामाला जुंपण्यात यश आले आणि वनस्पतींत परके जनुक घालण्याचा मार्ग खुला झाला. तिसरी युक्ती विजेच्या सूक्ष्म धक्क्याने पडद्याला क्षणभर छिद्रे पाडण्याची. चौथी, स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म थेंबात रेणू गुंडाळून तो पेशीच्या पडद्यात मिसळून टाकण्याची. करोनाच्या साथीत ज्या आरएनए लशींचा बोलबाला झाला त्या या चौथ्या युक्तीवर उभ्या आहेत. पुण्याच्या जेनोवा कंपनीने अशीच लस तयार केली व जून २०२२ मध्ये तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. परदेशी लशींना लागणाऱ्या अतिशीत साठवणीऐवजी ही लस साध्या शीतकपाटाच्या तापमानात राहू शकत होती. आपल्याकडील तालुक्याच्या दवाखान्याच्या दृष्टीने या एका गुणाचे मोल इतर अनेक गुणांहून अधिक आहे.

तात्पर्य, कापसाचे बी असो, लस असो वा कर्करोगावरचा उपचार असो, या सर्वांमागे पेशीचे दार उघडण्याची एकच विद्या आहे. वाहन बदलते, ओझे बदलते, विद्या तीच राहते. म्हणूनच एका क्षेत्रातला अनुभव दुसऱ्या क्षेत्रात उपयोगी पडावयास हरकत नाही.

शिवारातील पहिला प्रयोग

मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारने बीटी कापसाच्या पहिल्या संकरित वाणांना परवानगी दिली. अमेरिकेतील मोन्सॅन्टो कंपनीचे जनुक आणि जालन्याच्या महिकोचे वाण असा तो संयोग होता. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतील जिवाणूचे एक जनुक कापसाच्या पेशीत घातल्यामुळे झाड स्वतःच बोंडअळीला मारक असे प्रथिन तयार करू लागले. आज देशातील कापसाच्या क्षेत्रापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटी वाणांखाली आहे. स्वतंत्र भारतात इतक्या थोड्या अवधीत शेतकऱ्याने इतक्या मोठ्या प्रमाणावर स्वीकारलेले दुसरे बियाणे शोधूनही सापडणे कठीण.

हा स्वीकार अडाणीपणाने झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. अमेरिकन बोंडअळीने नव्वदीच्या दशकात कापूस उत्पादकाला जेरीस आणले होते. नव्या बियाण्यामुळे पहिली काही वर्षे फवारण्या खरोखरच कमी झाल्या. देशाचे रुईचे सरासरी उत्पादन २००१-०२ साली हेक्टरी तीनशे किलोच्या आसपास होते, ते २००७-०८ साली साडेपाचशेच्या घरात गेले. या वाढीचे सगळे श्रेय बीटीला देता येणार नाही. गुजरातेतील सिंचन, खते व चांगला पाऊस यांचाही त्यात वाटा होता. तथापि बीटीचा वाटा नाकारणेही प्रामाणिकपणाचे नव्हे.

परंतु पुढे काय झाले? आठ-दहा वर्षांतच शेंदरी बोंडअळीने या विषाला दाद देणे सोडले. २०१० साली गुजरातेतील अळीत पहिल्या जनुकाविरुद्ध प्रतिकारशक्ती आल्याचे खुद्द कंपनीनेच मान्य केले. दोन जनुकांचे दुसऱ्या पिढीतील वाण २००६ पासून बाजारात होते; तेही पुढे निष्प्रभ ठरत गेले. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडेच्या बोंडे किडली, उभ्या पिकावर नांगर फिरवण्याची वेळ अनेकांवर आली. देशाचे सरासरी उत्पादन पुन्हा घसरणीला लागले.

ही आपत्ती अटळ होती काय? माझे उत्तर नाही असे आहे. प्रतिकारशक्ती येणार हे शास्त्रज्ञांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. म्हणून तर बीटी कापसाभोवती साध्या कापसाच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढा आश्रय पट्टा ठेवण्याची अट परवानगीतच घातलेली होती. साडेचारशे ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत एकशेवीस ग्रॅम साध्या बियाण्याची लहान पुडी येत असे, ती याचसाठी. साध्या कापसावर वाढलेल्या, विषाची सवय नसलेल्या अळ्या प्रतिकारक अळ्यांशी संकर करत राहिल्या म्हणजे प्रतिकारशक्तीचा फैलाव लांबतो, असा त्यामागचा विचार होता. पण त्या लहान पुडीचे प्रयोजन शेतकऱ्याला समजावून कोणी सांगितले? ती पुडी बहुतेक ठिकाणी बांधावर फेकली गेली. दुकानदाराला पाकीट विकण्यात रस होता, कंपनीला पुढच्या हंगामात रस होता, आणि सरकारी विस्तार यंत्रणा तोवर बाजारपेठेला वाट देऊन बाजूला उभी होती. ज्याच्या शेतात हे शास्त्र उतरले, त्याच्या मनात ते कधी उतरलेच नाही.

सार्वजनिक संशोधनाची कथा याहूनही उद्बोधक आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने इतर सरकारी संस्था व धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या साहाय्याने 'बिकानेरी नरमा बीटी' हे वाण सिद्ध केले व २००९ साली ते प्रसारित झाले. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. हे वाण सरळ असल्यामुळे त्याची सरकी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता आली असती. कोरडवाहू शेतकऱ्याची केवढी सोय झाली असती! पण थोड्याच काळात या वाणात कंपनीच्या जनुकाची भेसळ असल्याचे उघड झाले, वाण मागे घ्यावे लागले, चौकशी झाली, आणि २०१२ साली सोपोरी समितीच्या अहवालाने भारतीय कृषी संशोधनाची मान खाली गेली. एका प्रयोगशाळेतील ढिलाईची किंमत लक्षावधी शेतकऱ्यांनी मोजली, कारण त्यांच्यापुढचा सार्वजनिक पर्याय त्यामुळे नाहीसा झाला.

या इतिहासातून तीन धडे निघतात. समजावून न दिलेले शास्त्र टिकत नाही, हा पहिला. सार्वजनिक संशोधन ढिले पडले की किंमत ठरवण्याची सत्ता आपोआप खाजगी हाती जाते, हा दुसरा. आणि परवानगी मिळाल्यावर देखरेख संपत नाही, ती तेथून सुरू होते, हा तिसरा. हे तीन धडे घेऊन आता आपण पवईकडे वळू.

पवईची कामगिरी

माणसाच्या रक्तात टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. शरीरात शिरलेला शत्रू ओळखून त्याला नष्ट करणे हे त्यांचे काम. कर्करोगाची पेशी मात्र घरातीलच माणसाच्या वेशात वावरते, म्हणून ती ओळखू येत नाही. नव्या उपचारात रुग्णाच्या टी-पेशी वेगळ्या काढून, निर्विष केलेल्या विषाणूच्या पाठीवरून त्यांत असे जनुक नेले जाते की त्यामुळे पेशीच्या अंगावर एक नवा ग्राहक, म्हणजे शत्रू ओळखणारा आकडा, उगवतो. हा आकडा कर्करोगग्रस्त बी-पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी-१९ या खुणेला बरोबर पकडतो. प्रयोगशाळेत या पेशींची संख्या वाढवून त्या रुग्णाला परत दिल्या जातात. गंमत अशी की हा हमाल विषाणू एड्सच्या विषाणूच्या कुळातला आहे. ज्याने टी-पेशींचा संहार केला, त्यालाच त्यांना शस्त्र पुरवण्याच्या कामाला लावले आहे.

या पद्धतीचा पाया अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात घातला गेला. २०१२ साली तेथे सहा वर्षांच्या एका मुलीवर हा उपचार झाला आणि मरणाच्या दारातून ती परत आली. २०१७ साली अमेरिकेत या उपचाराला परवानगी मिळाली तेव्हा नोव्हार्टिस कंपनीने त्याची किंमत ठेवली पावणेपाच लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने सुमारे तीन कोटी रुपये. आणि यात रुग्णालयाचा खर्च धरलेला नव्हता.

पवईच्या संस्थेतील राहुल पुरवार आणि त्यांचे सहकारी यांनी टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर हेच काम येथे करावयाचे ठरवले. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने रुग्णांवरील पहिल्या चाचण्यांसाठी १९ कोटी १५ लाख रुपये मंजूर केले. ४ जून २०२१ रोजी टाटा संस्थेत पहिल्या रुग्णाला बदललेल्या पेशी देण्यात आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली, आणि संस्थेच्याच कुशीत जन्मलेल्या इम्युनोअ‍ॅक्ट या कंपनीकडून उपचार उपलब्ध झाला. विषाणू-वाहन परदेशातून विकत न घेता येथेच बनवल्यामुळे खर्च परदेशातील किमतीच्या दशांशाच्या आसपास, म्हणजे चाळीस लाख रुपयांच्या घरात आला.

मार्च २०२५ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी' या मान्यवर नियतकालिकात चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चौसष्ट रुग्णांवर उपचार झाले होते. ज्यांचे मूल्यमापन शक्य झाले त्यांपैकी ७३ टक्के रुग्णांना गुण आला. इतर सर्व उपाय थकलेल्या रुग्णांच्या बाबतीत हे प्रमाण मोठेच म्हटले पाहिजे. पण अनेकांच्या बाबतीत हा गुण काही महिन्यांतच ओसरला, रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घटण्याचे प्रकार सर्रास घडले, आणि उपचाराच्या परिणामाने दोन रुग्ण दगावले, हेही त्याच अहवालात नोंदलेले आहे. संशोधकांनी हे लपवले नाही याबद्दल त्यांचा आदर वाटतो. वृत्तपत्रांनी आणि पुढाऱ्यांनी मात्र पहिला आकडा मोठ्याने सांगावा आणि पुढचे आकडे गिळावेत, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. बीटीच्या बाबतीत नेमके हेच झाले होते.

चाळीस लाखांची वेस

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दशांश किंमत ही मोठी कामगिरी खरी; पण ही तुलना अमेरिकेशी झाली. नांदुरा तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याशी, किंवा माध्यमिक शाळेतील शिक्षकाशी, किंवा पंचायत समितीतील कारकुनाशी ती केली तर? शिक्षकाच्या साऱ्या नोकरीची शिल्लक एकत्र केली तरी या रकमेपर्यंत पोचताना घर विकावे लागेल. शेतमजुराचा तर येथे विचारच नको. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण २०२३ च्या निर्णयाने दीड लाखांवरून पाच लाखांपर्यंत वाढवण्यात आले व ती सर्वांना खुली करण्यात आली, हे स्वागतार्हच आहे. तथापि पाच आणि चाळीस यांमधले पस्तीस कोठून यावयाचे? शिवाय उपचार मुंबईसारख्या महानगरात, वडनेरपासून सुमारे पाचशे किलोमीटरवर. रुग्णासोबत राहणाऱ्या नातलगांची बुडालेली रोजंदारी आणि परक्या शहरातील आठवड्यांचे वास्तव्य हा हिशेब कोणत्याच योजनेच्या कागदावर येत नाही.

यावर एक उत्तर असे दिले जाते की नव्या वस्तूची किंमत प्रथम चढीच असते, काळाच्या ओघात ती उतरते. हे उत्तर अर्धसत्य आहे. किंमत आपोआप उतरत नाही, ती उतरवावी लागते, आणि याचा पुरावा पुन्हा कापसाच्याच पाकिटात आहे. सुरुवातीच्या वर्षांत बीटीचे एक पाकीट सोळाशे रुपयांच्या वर विकले जात होते व त्यातला फार मोठा भाग जनुकाच्या मालकीपोटी कंपनीला जात होता. २००६ साली आंध्र प्रदेश सरकारने हे प्रकरण मक्तेदारी नियंत्रण आयोगापुढे नेले आणि किंमत साडेसातशेवर आली. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कापूस बियाण्यांच्या किमतीवर नियंत्रण आणणारा आदेश काढला व २०१६ च्या हंगामासाठी दुसऱ्या पिढीतील बियाण्याची किंमत आठशे रुपये, त्यात जनुकाचा मोबदला केवळ एकोणपन्नास रुपये, अशी ठरवून दिली. जे सरकार एका परदेशी कंपनीच्या जनुकाची किंमत ठरवू शकते, त्याला स्वतःच्याच पैशावर, स्वतःच्याच संस्थेत जन्मलेल्या जनुकाच्या किमतीबाबत बोलता येत नाही, असे कसे म्हणता येईल?

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. हा उपचार म्हणजे कारखान्यातून एकसारख्या निघणाऱ्या गोळ्या नव्हेत. प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र, निर्जंतुक, अनेक दिवस चालणारी निर्मिती करावी लागते. कंपनीने स्वतःचे भांडवलही त्यात ओतले आहे. कंपनीला तोट्यात ढकलून रुग्णांचे भले होणार नाही. 'बिकानेरी नरमा'प्रमाणे पर्यायच नाहीसा होईल. म्हणून मागणी असावयाची ती फुकटेपणाची नव्हे, कराराची. सार्वजनिक पैशातून निघालेले तंत्र खाजगी कंपनीकडे सोपवताना, सार्वजनिक रुग्णालयांना ते उत्पादनखर्च व वाजवी नफा एवढ्याच किमतीत मिळेल, अशी अट करारातच असली पाहिजे आणि तो करार जनतेला पाहावयास मिळाला पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने जनुकीय उपचारांवरील कर पूर्णपणे माफ करण्याची शिफारस केली. कर सोडण्याची तयारी सरकारने दाखवली असेल, तर त्या सवलतीच्या बदल्यात किमतीची हमी मागण्यात संकोच कशाला?

त्याचबरोबर देखरेखीचा प्रश्न आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा उपचारांनंतर रुग्णांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवण्याची अपेक्षा केलेली आहे, आणि बदललेल्या पेशींपासूनच क्वचित नवा कर्करोग उद्भवू शकतो असा इशारा जानेवारी २०२४ मध्ये औषधावर छापण्यास सांगितले. आपल्याकडे मुंबईत उपचार घेऊन गावी परतलेल्या रुग्णाची पंधरा वर्षे नोंद कोण ठेवणार? हे काम जिल्हा रुग्णालय आणि अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्यावर सोपवले आणि त्यासाठी माणसे दिली, तरच होऊ शकेल. आश्रय पट्ट्याची पुडी बांधावर फेकली गेली तशी ही नोंदवही कपाटात पडून राहू नये.

सातपुड्याच्या पायथ्याशी

कोणी विचारील, की रक्ताचा कर्करोग किती जणांना होतो? मूठभर रुग्णांसाठी एवढा खटाटोप कशाला? या आक्षेपाला उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर आहे. जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी वस्ती आहे. पलीकडे मेळघाट आहे. भारतात सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत झाली आणि पुढे विदर्भातील आदिवासी व दलित समाजांत तो मोठ्या प्रमाणावर असल्याचे दिसून आले. हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका अक्षराच्या चुकीमुळे लाल रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मुलाचे बालपण वेदनांत जाते.

पेशीचे दार उघडण्याच्या विद्येने या रोगावरही मार्ग काढला आहे. जनुकाला ठरावीक जागी कापणाऱ्या क्रिस्पर या साधनाच्या शोधाबद्दल २०२० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्या साधनावर आधारलेल्या सिकलसेलवरील उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने व डिसेंबरमध्ये अमेरिकेने परवानगी दिली. किंमत बावीस लाख डॉलर, सुमारे अठरा कोटी रुपये! आपल्याकडे दिल्लीच्या सीएसआयआरच्या जीनोमिक्स संस्थेने 'बिरसा-१०१' नावाचा उपचार विकसित केल्याची घोषणा नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली व त्याचे तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. बिरसा मुंडांच्या दीडशेव्या जयंतीच्या महिन्यात त्यांचे नाव या उपचाराला मिळाले, ही गोष्ट औचित्याची आहे. परंतु नाव आदिवासी नेत्याचे आणि किंमत महानगरातील श्रीमंताची, असे झाले तर त्या नावाची ती विटंबना ठरेल.

आणि येथेच अग्रक्रमाचे भान सुटता कामा नये. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने तीन वर्षांत सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. या रोगावर हायड्रॉक्सियुरिया ही जुनी, स्वस्त गोळी आहे. ती नियमित मिळाली तर वेदनेचे झटके कमी होतात आणि आयुष्य वाढते. उद्याच्या जनुकीय उपचाराची वाट पाहताना आजची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात संपलेली असेल, तर ते संशोधनाचे यश नसून शासनाचे अपयश म्हणावे लागेल. विवाहापूर्वी रक्ततपासणीचा सल्ला, लहान वयात निदान, गोळीचा अखंड पुरवठा, आणि मग जनुकाची दुरुस्ती, असा हा क्रम आहे. पायऱ्या गाळून माडीवर जाता येत नाही.

विद्यापीठांनी काय करावे?

हे सारे संशोधन पवई, दिल्ली, पुणे येथेच का व्हावे, असा प्रश्न अमरावती विद्यापीठाच्या एखाद्या विद्यार्थ्याला पडला तर तो अगदी रास्त आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या आणि पुढे संत गाडगेबाबांचे नाव मिळालेल्या या विद्यापीठाच्या परिसरात पाच जिल्हे येतात. विज्ञानाचे पदवीधर येथून दरवर्षी बाहेर पडतात. भारत संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत पन्नास हजार कोटींचे अंदाजपत्रक मांडले गेले, पण त्यातले सुमारे छत्तीस हजार कोटी सरकारबाहेरून येतील असे गृहीत धरलेले आहे. खाजगी भांडवल ग्रामीण विद्यापीठाच्या दारी आपणहून येईल, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

आरएनए लशीला वाट करून देणाऱ्या काटालिन कारिको यांना अनुदाने मिळत नाहीत म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९९५ साली खालच्या पदावर ढकलले होते. २००५ साली त्यांचा आणि ड्रू वाइसमन यांचा मूलभूत शोध प्रसिद्ध झाला, आणि २०२३ साली दोघांना नोबेल मिळाले. संशोधनाला पैसा लागतो, पण त्याहून अधिक धीर लागतो. त्याच विद्यापीठाच्या इतिहासात दुसरीही एक घटना आहे. १९९९ साली तेथे जनुकीय उपचाराच्या चाचणीत अठरा वर्षांचा एक तरुण मृत्यू पावला. प्रमुख संशोधकाचे संबंधित कंपनीत आर्थिक हितसंबंध असल्याचे नंतर गाजले. प्राध्यापकच कंपनीचा संस्थापक होण्याचे युग आपल्याकडेही आता सुरू झाले आहे. त्यात गैर काही नाही. पण हितसंबंध जाहीर करण्याची, आणि चाचणीचा निवाडा तिऱ्हाइताने करण्याची शिस्त विद्यापीठांनी आधीच लावून घ्यावी. अपघात झाल्यावर नियम करण्यात काय शहाणपण?

ग्रामीण महाविद्यालयाला जनुक कापणारी प्रयोगशाळा आज उभारता येणार नाही, हे मान्य. पण सिकलसेलच्या तपासणीत सहभागी होणे, अळीच्या प्रतिकारशक्तीची शिवारात नोंद ठेवणे, आणि हे शास्त्र मराठीतून लोकांना समजावून देणे, यासाठी कोट्यवधी रुपये लागत नाहीत. २०१० साली बीटी वांग्याच्या प्रश्नावर तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. नागपूर त्यांपैकी एक होते. त्या गोंगाटाची पुष्कळ टिंगल झाली आणि त्यानंतरच्या स्थगितीबद्दल मतभेद आजही आहेत. पण जनुकीय तंत्राबाबत लोकांना समोरासमोर विचारले गेले असे प्रसंग आपल्याकडे फार थोडे, आणि त्यांत हा ठळक होता. लोकांना आधी समजावून द्यावयाचे नाही आणि मग ते अडाणी आहेत म्हणून विचारावयाचे नाही, हा न्याय लोकशाहीत चालू नये.

पेशीचा पडदा ओलांडून आत जाण्यासाठी शास्त्रज्ञांनी पन्नास वर्षे खपून वाहने शोधली. आता उरला आहे तो दुसरा पडदा. प्रयोगशाळा आणि गाव यांच्यामधला. तो स्निग्ध पदार्थाचा नाही, पैशाचा, अंतराचा आणि अज्ञानाचा आहे. तो ओलांडण्याचे वाहन विज्ञान देऊ शकत नाही. किमतीचा करार, जिल्ह्यातील नोंदवही, आरोग्य केंद्रातील गोळी आणि वर्गातील शिक्षक यांनीच ते घडवावे लागेल. २००२ साली हे शास्त्र वडनेरच्या शिवारात आले तेव्हा आपण फक्त गिऱ्हाईक होतो. ते आता रक्तापर्यंत येऊन ठेपले असताना तरी नागरिक म्हणून आपण त्याला सामोरे जावे, एवढीच अपेक्षा.